मेळावा राहू द्या, आधी शेजारचं एक चर्च गाठा

प्रश्न : मी नाशिकरोडच्या एका कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) युवक संघाची मार्गदर्शक, म्हणजे अ‍ॅनिमेटर आहे. संघात १५ ते २४ वयाची २२ मुलंमुली आहेत. दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर (कॅथलिक उपासनेनंतर) तासभर भेटतो. सणाची सजावट, कॅरल, सहल, व्हॉलीबॉल सगळं होतं; पण आपल्या संघापलीकडचं ख्रिस्ती जग मुलांना ठाऊक नाही. शरणपूर रोडच्या चर्चमधली मुलं कॉलेजात यांच्याच बाकावर बसतात, तरी ‘ते प्रोटेस्टंट’ एवढीच ओळख. उलट आमच्यातली तिघं काही महिन्यांपासून शुक्रवारी एका स्वतंत्र प्रार्थना मंडळीत जातात, आणि त्यातल्या एकीला ‘पाण्याचा बाप्तिस्मा घे’ असा आग्रह चालू आहे. येत्या जानेवारीत शहरातल्या सगळ्या चर्चच्या तरुणांचा मोठा मेळावा घ्यावा असं माझ्या मनात होतं. फादर म्हणतात, घाई नको. पालक म्हणतात, आहेत ती मुलंही हातची जातील. सुरुवात कुठून करू?
एक अ‍ॅनिमेटर, नाशिकरोड

प्रिय ताई,

मेळावा यंदा नको. मंडप, साउंड, पाहुण्यांची भाषणं, शाल आणि पुष्पगुच्छ यांत तुमची २२ मुलं दिवसभर खुर्च्या मांडत आणि पाण्याच्या बाटल्या वाटत फिरतील. चार चर्चची मुलं चार कोपऱ्यांत बसतील, दुपारी जेवतील, एक सामूहिक फोटो काढतील आणि पांगतील. दुसऱ्या दिवशी विचारा, पलीकडच्या एकाचं तरी नाव आठवतंय का? तेवढ्याच मेहनतीत एका चर्चच्या दहा मुलांशी वर्षभराची ओळख होऊ शकते, आणि ती टिकते.

पण त्याआधी घरचं. बाहेरचं ख्रिस्ती जग मुलांना ठाऊक नाही असं तुम्ही लिहिता. आतलं तरी कितपत ठाऊक आहे? दुसऱ्या मिस्सेची मुलं पहिल्या मिस्सेच्या आजीआजोबांना ओळखत नाहीत. संघ म्हणजे बहुतेक वेळा एकाच दोन शाळांतून आलेल्या मित्रांचा गट असतो, आणि तो गट मोठ्यांपासून जितका तुटलेला असतो तितका बाहेरच्या पहिल्या उत्साही हाकेला चटकन ओ देतो. म्हणून पहिले दोन महिने धर्मग्रामातच घालवा. तुमच्याकडे वॉर्डवार लहान ख्रिस्ती समूह असतीलच. प्रत्येक मुलाला त्याच्या घराजवळच्या समूहाच्या मासिक बैठकीला पाठवा, शक्यतो दोघादोघांना. तिथे त्यांच्याकडे ठरावीक काम असू द्या : शुभवर्तमानाचं वाचन, गाण्याची सुरुवात, किंवा आजाऱ्यांची नावं लिहून घेऊन प्रार्थनेत वाचणं. चहाचे कप उचलण्याचं काम मात्र देऊ नका. ते दिलं की तरुण म्हणजे स्वयंसेवक, बैठक मोठ्यांची, हे समीकरण पक्कं होतं. फादरांना विचारून धर्मग्राम परिषदेत संघाचे दोन प्रतिनिधीही बसवा, एक मुलगा आणि एक मुलगी.

धर्मग्रामाच्या आसपास आणखी दोन गट तुमच्या नजरेतून सुटत असतील. सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत कामाला आलेली, खोल्या करून राहणारी कॅथलिक मुलं हा पहिला. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. तो अहिल्यानगरपासून पार नंदुरबारपर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे तिथल्या गावांतून आलेली ही मुलं आपल्याच धर्मप्रांतातली असतात. ती मिस्सेला मागच्या बाकावर बसतात आणि संघाकडे फिरकत नाहीत, कारण संघात बोलणं अर्धं इंग्रजीत आणि विनोद कॉलेजचे. त्यांची रविवारची पाळी बघून महिन्यातून एक बैठक संध्याकाळी घ्या आणि ती पूर्ण मराठीत चालवा. दुसरा गट मल्याळी सिरो-मलबार कुटुंबांचा. मुलं त्यांना ‘दुसरं चर्च’ समजतात. ते कॅथलिकच आहेत, पोपांच्या पूर्ण सहभागितेत, फक्त उपासनाविधी वेगळा. त्यांच्या कुर्बानाला (त्यांच्या मिस्सेला) गेलात तर रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं आणि ख्रिस्तप्रसादही (मिस्सेतली पवित्र भाकर) घेता येतो. वेगळ्या चालीची, वेगळ्या भाषेची उपासना आपलीच असू शकते हे मुलांना कळायला याहून सोपी जागा नाही. देवळाली कॅम्पातल्या सैन्याच्या कुटुंबांत तर देशभरचे ख्रिस्ती भेटतील; ती मुलं बदलीबरोबर जातात, म्हणून त्यांना पदाधिकारी करायच्या भानगडीत न पडता एखादा उपक्रम सोपवा.

बाहेर पडण्याआधी चाळीस-चाळीस मिनिटांच्या चार बैठका तयारीला द्या. पहिल्या बैठकीत समाईक काय ते : बाप्तिस्मा, बायबल, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची कबुली). दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २१ नोव्हेंबर १९६४ ला ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा काढला, म्हणजे हा उद्योग चर्चच्या अधिकृत शिकवणीतला आहे, एखाद्या हौशी अ‍ॅनिमेटरचा नाही, हे पालकांनाही याच वेळी सांगून टाका. दुसरी बैठक फरकांची : ख्रिस्तप्रसाद, पोप, पवित्र मरिया आणि संत, पापनिवेदन. तिसरीत प्रश्नोत्तरांचा सराव. ‘तुम्ही मूर्तिपूजा करता ना?’, ‘तुझं तारण झालंय का?’, ‘पाप फादरला का सांगता?’ हे तीन प्रश्न मुलांना हमखास येतात, आणि तयारी नसेल तर मुलं एकतर भांडतात किंवा ‘सगळं एकच आहे’ म्हणून हात झटकतात. ‘सगळं एकच’ हे उत्तर समोरच्यालाही रुचत नाही. त्याला त्याची श्रद्धा महत्त्वाची वाटते म्हणूनच तो विचारतो. उत्तर तीन-चार वाक्यांत बसलं पाहिजे. आराधना एका देवाची. संतांना आम्ही आमच्यासाठी प्रार्थना करा म्हणून विनवतो. प्रतिमा आठवण करून देतात. तारण ख्रिस्ताच्या कृपेने, बाप्तिस्म्यात सुरू झालेलं, रोज जगायचं. एवढ्यावर थांबायचं. पुढचं येत नसेल तर ‘विचारून सांगते’ हे वाक्य उत्तम. चौथी बैठक दुसऱ्यांच्या चर्चमध्ये कसं वागायचं याची. तिच्यातला मोठा भाग ख्रिस्तप्रसादाचा, त्याकडे पुढे येतो.

आता शेजारी कोणता निवडायचा? शरणपूर रोडची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची असणार. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन झालं, म्हणजे एकत्र येण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी आहे. नेमलेले पाळक आहेत, तरुण संघ आहे, कोणाशी बोलायचं ते ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी असाच एक शेजारी धरा. मेथडिस्ट, मार थोमा, ऑर्थोडॉक्स मंडळी नंतर.

क्रम चुकवू नका. पहिला फोन फादरांनी तिथल्या पाळकांना करायचा. मुलांनी मुलांना परस्पर व्हॉट्सअ‍ॅप केलं आणि पाळकांना ते तिसऱ्याकडून कळलं, तर पुढचे सहा महिने ‘आमची मुलं पळवायला आले’ या शंकेत जातात. फोननंतर तुम्ही आणि त्यांच्या तरुण संघाचे सचिव चहावर बसा आणि फक्त तीन तारखा ठरवा, सहा ते आठ आठवड्यांच्या अंतराने. दोन्हीकडून आठ ते दहा जणच. तुमची २२ आणि त्यांची नऊ आली तर ती नऊ जणं पाहुणीच राहतात. तुमच्याकडची दहा नावं फिरती ठेवा, पण निम्मी तरी तिन्ही वेळा तीच असू द्या, नाहीतर प्रत्येक वेळी ओळख परत शून्यापासून.

पहिली भेट शनिवारी दुपारी चार ते सहा, त्यांच्याकडे, आणि विषय शरणपूरचा इतिहास. यात वाद होत नाही आणि तुमच्या मुलांना नवीन खूप काही मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या वेशीवर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामीच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे शिकली. त्यातला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या संशोधक-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मोहिमेत सामील झाला, आणि लिव्हिंगस्टनचा मृतदेह घेऊन थेट इंग्लंडपर्यंत गेला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा तो हजर होता. आपण रोज ज्या रस्त्याने सिटीलिंकच्या बसने जातो त्याच्या कडेला हे घडलंय हे कळल्यावर मुलांचा सूर बदलतो. त्यांच्याच एखाद्या ज्येष्ठ सभासदाला वीस मिनिटं सांगायला लावा, मग चालत परिसर दाखवा, शेवटी चहा. प्रार्थना सुरुवातीला एक, शेवटी एक, दोन्ही यजमानांनी म्हणायच्या. बास.

दुसरी भेट तुमच्याकडे. तुमच्याच मुलांनी चर्च समजावून सांगायचं : पवित्र मंजुषेजवळचा (ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीजवळचा) तेवता दिवा कशासाठी, आत आल्यावर गुडघा का टेकवतो, क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रं, पापनिवेदनाची जागा. एकेकाला एक वस्तू, दोन-दोन मिनिटं. या निमित्ताने लक्षात येईल की अर्ध्या मुलांना स्वतःलाच हे नीट सांगता येत नाही. उघड म्हणायला संकोच वाटेल, पण या सगळ्या खटाटोपाचा निम्मा फायदा तुमच्याच मुलांच्या धर्मशिक्षणाला होणार आहे. पाहुण्यांना जपमाळेच्या प्रार्थनेत ओढू नका. विचारलं तर जरूर सांगा.

या दोन भेटींच्या दरम्यान कामाला सुरुवात करा, कारण ओळख कामात होते. सर्वांत चांगलं काम म्हणजे घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना भेटी. दोन्ही चर्चनी पाच-पाच घरांची यादी द्यायची. एका घरी दोन तरुण, एक तुमचा आणि एक त्यांचा, सोबत एक मोठं माणूस. दर दुसऱ्या शनिवारी अर्धा तास. गप्पा, स्तोत्राचं वाचन, आवडतं गाणं, हवं तर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीप्रमाणे औषध आणून देणं. एक वही ठेवा : तारीख, घर, काय हवंय. पुढे अडचणी येतात त्या अशा. आजोबा पैसे देऊ करतात किंवा मागतात. दोन्हीला नाही म्हणायचं आणि वहीत नोंद करायची. कोणी औषधाबद्दल सल्ला विचारला तर घरच्यांना फोन लावून द्यायचा. आजारी कॅथलिकांना ख्रिस्तप्रसाद फादर किंवा नेमलेले सेवकच नेतात. मुलांनी तो बरोबर न्यायचा नाही. वृद्धांचे फोटो स्टेटसवर टाकायचे नाहीत. आणि जुनी भांडणं निघतात, कोणाची जमीन, कोणाचं लग्न, कोणी कोणाला चर्चमधून काढलं. मुलांनी ऐकून घ्यायचं आणि तिथेच ठेवायचं. भेटी फक्त या दोन चर्चच्या सभासदांच्या घरी. वस्तीत दारोदार जाणं, पत्रकं वाटणं, भेटवस्तूबरोबर प्रार्थना जोडणं यातलं काहीही नको. त्यातून गैरसमज लगेच होतात आणि त्याची झळ वृद्धांना लागते.

तिसरी भेट संयुक्त प्रार्थनेची. पंचेचाळीस मिनिटांचा आराखडा देतो, कमीजास्त करा : गाणं पाच मिनिटं, स्वागत तीन, स्तोत्र दोन गटांत आलटून-पालटून, पाच, शुभवर्तमान तीन, पूर्ण शांतता पाच, चिंतन आठ, मतांगीकार दोन, विनंत्या सहा, तीन त्यांच्या तीन आपल्या, प्रभूची प्रार्थना आणि शांतीचं अभिवादन चार, शेवटचं गाणं चार. शांततेची पाच मिनिटं कापायचा मोह प्रत्येकाला होतो. कापू नका, दोन्ही परंपरांतल्या मुलांना एकत्र काहीही न बोलता बसता आलं तर बरंच साधलं. चिंतन एकाच माणसाने करायचं, दोन भाषणं नकोत.

कागद मोठ्या, १६ पॉइंटच्या अक्षरात छापा. कॉन्व्हेंटात शिकलेल्या बऱ्याच मुलांना देवनागरी सरसर वाचता येत नाही, आणि ते चारचौघांत कळू नये म्हणून ती तोंड मिटून उभी राहतात. वाचनं आठवडाभर आधी वाटून द्या. प्रभूची प्रार्थना छापायला विसरू नका, कारण दोन्हीकडच्या मराठी मजकुरात थोडा फरक आहे. शिवाय तुमची मुलं ‘वाइटापासून सोडव’ला थांबतील आणि पलीकडची ‘कारण राज्य, सामर्थ्य’ म्हणत पुढे जातील. मिस्सेत आपल्याकडे ते शब्द फादरांच्या प्रार्थनेनंतर येतात म्हणून ही तफावत. कोणता मजकूर म्हणायचा ते आधी ठरवा, म्हणजे ऐन प्रार्थनेत खसखस पिकणार नाही.

गाण्यांचं म्हणाल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं (१८६१ ते १९१९) हा दोन्हीकडचा वारसा आहे, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्या. दोन गीतं तिथून घ्या, एक तुमच्याकडचं, एक त्यांचं. त्यांच्याकडे पेटी-तबला असेल, तुमच्याकडे गिटार आणि कीबोर्ड. पट्टी आधी जुळवा. एकत्र सराव दोनदा पुरे, पण झालाच पाहिजे. सराव न करता उभं राहिलं की ज्यांचा आवाज मोठा त्यांचीच चाल चालते. तेझेची छोटी, पुनःपुन्हा म्हणायची गीतं सोपी पडतात. फ्रान्समधल्या त्या आंतरचर्चीय मठात जगभरचे तरुण तीच गातात.

वेळ शनिवार संध्याकाळ किंवा रविवारी दुपारनंतर. संयुक्त प्रार्थना रविवारच्या मिस्सेची जागा घेत नाही, तेव्हा कार्यक्रम मिस्सेच्या वेळेवर ठेवून मुलांना कात्रीत पकडू नका. आणि कौतुकाने पाहुण्या मुलीला मिस्सेत पहिलं वाचन द्यायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येईलच. मिस्सेतली वाचनं कॅथलिकांनीच करायची असा व्हॅटिकनच्या ऐक्याविषयीच्या १९९३च्या मार्गदर्शिकेतला नियम आहे. अपवादाला बिशपांची परवानगी लागते. प्रार्थनासभेत मात्र कोणीही वाचावं. मुलीला हो म्हणून ऐनवेळी नाही म्हणणं फार वाईट, म्हणून हे आधीच माहीत हवं.

आता ख्रिस्तप्रसाद. इथे सर्वांत जास्त मनं दुखतात, आणि ती दुखतात कारण कोणी आधी बोललेलंच नसतं. नियम असा : त्यांच्या प्रभूभोजनात कॅथलिकांनी सहभाग घ्यायचा नाही, आणि आपल्या मिस्सेत त्यांना सर्वसाधारण परिस्थितीत ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. कारण मुलांना समजेल असं सांगता येतं. आपल्या दृष्टीने तो घेणं म्हणजे त्या चर्चच्या विश्वासाशी आणि सहभागितेशी ‘आमेन’ म्हणणं. ती एकवाक्यता अजून झालेली नाही, तर झाल्याचं दाखवायचं नाही. पलीकडची मुलं म्हणतील, ‘आमच्याकडे तर बाप्तिस्मा घेतलेल्या कोणालाही चालतं, तुम्हीच दार लावता.’ हे ऐकताना वाईट वाटणार. वाटू द्या, चर्च विभागलेली आहेत याचं दुःख तिथे प्रत्यक्ष जाणवतं, आणि ते न जाणवता झालेली ऐक्याची भाषणं पोकळ असतात.

व्यवहारात : त्यांची प्रभूभोजनाची उपासना कोणत्या रविवारी असते ते विचारून पहिल्या वर्षी रविवारी जायचं झालंच तर तो रविवार सोडून जा. तरीही प्रसंग आलाच, तर मुलांनी जागेवर बसून राहायचं. आपल्या मिस्सेला त्यांची मुलं आली, तर कोणाला आशीर्वादासाठी पुढे यायचं असल्यास छातीवर हात आडवे ठेवायचे, ही पद्धत फादरांना विचारून आधीच सांगा. रांगेत उभं राहिल्यावर वेदीसमोर ‘तू कोणत्या चर्चची?’ असा प्रश्न यायला नको.

बायबल क्विझ घ्यायची असेल तर दोन खड्डे आहेत. आपल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं, त्यांच्यात ६६. तोबित, युदिथ, मक्काबी वगैरेंवरचे प्रश्न वगळा किंवा क्विझ फक्त चार शुभवर्तमानांवर ठेवा. दुसरा : ‘चौथी आज्ञा कोणती?’ आपल्याकडे आईवडिलांचा मान राख, त्यांच्या मोजणीत शब्बाथ. आज्ञा त्याच, क्रमांक वेगळे. परीक्षकाला हे माहीत नसेल तर बक्षीस समारंभात भांडण ठरलेलं. खरं सांगायचं तर स्पर्धा टाळाच. कॅरलचंही तसंच : स्पर्धा घेतली की दोन संघ प्रतिस्पर्धी होतात. प्रत्येकी दोन कॅरल, शेवटचं एकत्र, आणि लाउडस्पीकर रात्री दहाच्या आत बंद.

जेवण असेल तर प्रायश्चित्तकाळातले (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतले), मांस वर्ज्य असलेले शुक्रवार पाहून ठरवा, नाहीतर पाहुण्यांनी प्रेमाने केलेलं मटण तुमची मुलं बघत बसतील.

आता शुक्रवारी प्रार्थना मंडळीत जाणाऱ्या त्या तिघांविषयी. बंदी घालू नका. घातलीत तर जाणं थांबणार नाही, सांगणं थांबेल. एकेकाला वेगळं भेटा आणि एकच विचारा : तिथे काय मिळतं जे इथे मिळत नाही? उत्तरं बहुधा साधी असतात. तिथे नावाने हाक मारतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. आलो नाही तर फोन येतो. यातलं काहीही तुमच्या तासाभरात बसू शकतं : शेवटची पंधरा मिनिटं तिघातिघांच्या गटांत, प्रत्येकाने आठवड्याचं एक ओझं सांगायचं आणि बाकी दोघांनी स्वतःच्या शब्दांत त्याच्यासाठी मागायचं. पहिल्या दोन वेळा अवघडल्यासारखं होईल. कॅथलिक मुलांना छापील प्रार्थनेची सवय असते.

बाप्तिस्म्याबद्दल त्या मुलीला स्पष्ट सांगा. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो, पुन्हा होत नाही. म्हणूनच चर्च ऑफ नॉर्थ इंडियातून कोणी कॅथलिक झालं तर आपणही त्याला परत बाप्तिस्मा देत नाही. हा मुद्दा तिला पटतो, कारण नियम दोन्ही बाजूंना सारखा लागतो. ‘लहानपणी मला कळत नव्हतं’ ही तिची खंत मात्र खरी आहे. तिला उत्तर म्हणून दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी पक्का करण्याच्या संस्काराची, तयारी द्या. दृढीकरण झालं असेल तर पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या) जागरणविधीत बाप्तिस्म्याची वचनं नव्याने घेताना ती मनापासून घ्यायची तयारी करून घ्या. मुलगी १८च्या आतली असेल तर तिच्या पालकांना अंधारात ठेवून तुम्ही स्वतंत्रपणे काहीही ठरवू नका.

त्या मंडळीला सरसकट नावं ठेवू नका, तिथे प्रामाणिक माणसं असतात. तरी चार गोष्टी दिसल्या तर फादरांना त्याच दिवशी सांगा : घरच्यांना कळू देऊ नका असं सांगणं, विद्यार्थ्यांकडून दशांशाची (पैशाच्या दहाव्या हिश्श्याची) वसुली, औषधं बंद करायला लावणं, जुन्या मित्रांशी संबंध तोडायला लावणं.

पालकांची सभा पहिल्या भेटीआधी घ्या, नंतर नको. तारखा, जागा, सोबत कोण, परत किती वाजता, हे एका कागदावर. १८च्या आतल्यांसाठी लेखी संमती आणि फोटोसाठी वेगळी संमती. प्रवासात आणि भेटीत किमान दोन मोठी माणसं, त्यात एक बाई. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नाही. संयुक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला दोन्हीकडचे दोन-दोन अ‍ॅडमिन ठेवा. तिथे तारखा आणि फोटो, फॉरवर्ड आणि वादविवाद नाहीत. पालकांच्या मनात लग्नाचाही प्रश्न असतो, तो ते बोलत नाहीत, तुम्हीच काढा. बाप्तिस्मा झालेल्या अकॅथलिकाशी विवाहाला धर्मप्रांताची परवानगी आणि काही वचनं लागतात, तो मार्ग आहे. आणि मुलं प्रेमात पडायची तर कॉलेजातही पडतात.

इतर धर्मीयांशी संबंध हा वेगळा विषय, एवढ्यात त्याला हात घालू नका. पण २०२७च्या सिंहस्थात पाणी वाटायची कल्पना कोणी ना कोणी काढेल. काढली तर महापालिकेच्या किंवा प्रशासनाच्या स्वयंसेवकांत नाव नोंदवून, फक्त १८ पूर्ण झालेल्यांनी, संघाच्या बॅनरशिवाय जायचं.

ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा दरवर्षी १८ ते २५ जानेवारीला असतो, आणि तुमची तिसरी भेट तिथे बसवणं सोयीचं. म्हणजे पहिली भेट ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, दुसरी नोव्हेंबरच्या शेवटी. डिसेंबरात कोणतेच पाळक किंवा फादर मोकळे नसतात, त्यामुळे प्रार्थनेचा मजकूर आणि गाणी नोव्हेंबरच्या भेटीतच पक्की करून दोघांच्याही नजरेखालून घाला. जानेवारीनंतर लगेच फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा येते आणि नाशिकरोडची सगळी मुलं त्या गर्दीच्या कामात अडकतात. वृद्धांच्या भेटी त्या महिन्यात खंडित होऊ नयेत म्हणून ते दोन शनिवार शरणपूरच्या मुलांनी सांभाळावेत, आणि त्यांच्या परीक्षांच्या वेळी तुमच्या मुलांनी. हे पहिल्या चहालाच बोलून ठेवा.